मांजरास सोसेल असें पिसवांचें औषध

ज्या घरांत धान्याचा सांठा आहे त्या घरांत उंदीर आहे, आणि ज्या घरांत उंदीर आहे त्या घरांत आज ना उद्यां मांजर येतेंच. पनवेलच्या जुन्या आळ्यांतून जे थोडे वाडे आतां उरले आहेत त्यांच्या माळ्यांवर मांजरांचा मुक्काम पिढ्यान् पिढ्या आहे. आणि वाडे पाडून ज्या इमारती उठल्या त्यांतही जिन्याखालीं, गॅलरींत, अगर थेट नातवंडांच्या अंथरुणांत मांजरानें आपली जागा करून घेतली आहे. परंतु आषाढ-श्रावणांत पिसवा सुटल्या म्हणजे हाच लाडका प्राणी घरांत कलहाचें कारण होऊन बसतो. मुलांच्या पोटऱ्यांवर लाल गांधी उठतात, धाकट्या सूनबाई मांजर बाहेर घालवा म्हणतात, आजी त्यास कवटाळून बसतात, आणि कर्ते पुरुष औषधांच्या दुकानाकडे वळतात. येथपर्यंत कोणाचें फारसें बिघडलेलें नसतें. बिघडतें तें पुढें. कारण दुकानांतून काय आणावें याचा विचार पिसवांकडे पाहून होतो, मांजराकडे पाहून होत नाहीं. हा क्रम उलटा करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

'मांजरास सोसेल असें औषध' असें आपण म्हणतों तेव्हां 'सोसणें' या क्रियापदाचे दोन अर्थ एकत्र येतात. एक मनानें सोसणें, म्हणजे ओरबाडल्यावांचून व पळून गेल्यावांचून औषध लावूं देणें. दुसरें शरीरानें सोसणें, म्हणजे त्या औषधानें अपाय न होणें. बहुतेक घरीं पहिल्याच अर्थाची चौकशी होते. पण हे दोन अर्थ नेहमीं जुळतातच असें नाहीं. बारीक फणीनें विंचरूं लागलें तर मांजर गुरगुरतें, आणि फणी तर पूर्ण निरुपद्रवी! उलट कुत्र्यासाठीं केलेल्या औषधाचे चार थेंब पाठीवर टाकले तर तें स्वस्थ बसून राहतें, आणि तेच थेंब दुसऱ्या दिवशीं त्याचा प्राण घेऊं शकतात. म्हणून आधीं शरीराचा विचार करावा, नंतर स्वभावाचा.

मार्जार शब्दाचा अर्थ

संस्कृतांत मांजरास मार्जार म्हणतात. हा शब्द मृज् या धातूपासून आला. मृज् म्हणजे पुसणें, घासून स्वच्छ करणें; संमार्जनी म्हणजे केरसुणी, तीही त्याच धातूची. आपलें अंग सदा चाटूनपुसून ठेवणारा तो मार्जार. नांव ठेवणाऱ्यांनीं प्राण्याचा मुख्य स्वभाव अचूक हेरला होता. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेनें वळलेले बारीक, कठीण कांटे असतात. ती जीभ म्हणजे त्याची फणी, केरसुणी व पंचा हीं तिन्ही एकत्र. जागेपणाच्या वेळेचा मोठा भाग तें या कामांत घालवितें, आणि कांट्यांवर जें जें येतें तें बाहेर न टाकतां गिळतें. तेव्हां पहिला सिद्धांत असा कीं, मांजराच्या अंगास जें लागतें तें मांजराच्या पोटांत जातें. अंगास लावण्याचें औषध निराळें आणि पोटांत देण्याचें निराळें, हा भेद येथें टिकत नाहीं.

दुसरी गोष्ट यकृताची. आपल्या व कुत्र्याच्या यकृतांत कित्येक विषारी द्रव्यांस ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन, तीं पाण्यांत विरघळतील अशीं करून, शरीराबाहेर टाकण्याची सोय असते. मांजरांत ही सोय फार तोकडी आहे. त्या कामास लागणारें एक महत्त्वाचें जनुक मार्जारकुळांत निकामी होऊन पडलें आहे. मांजरास वाघाची मावशी म्हणतात तें या बाबतींतही खरें, कारण मावशी व भाचा दोघेही या एका गोष्टींत सारखेच दुबळे. केवळ मांसावर राहणाऱ्या या कुळास वनस्पतींतील उग्र द्रव्यें पचविण्याची गरज पडली नाहीं, म्हणून ही शक्ति लोपली असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. आपण तापावर घेतों त्या पॅरासिटामोलची एक गोळीदेखील मांजरास मारूं शकते, तें याच कारणानें.

वर्ज्य काय

पनवेल हें औषधांचें गांव. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं येथें धूतपापेश्वराची स्थापना केली, त्यास आतां दीडशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं. अशा गांवीं 'वनस्पतीचें आहे, म्हणजे निर्धोक आहे' ही समजूत रुजली तर नवल नाहीं. परंतु रोग्याची प्रकृति पाहिल्यावांचून औषध देऊं नये हें वैद्यकाचें अगदीं प्राथमिक सूत्र आहे, आणि मांजराची प्रकृति किती निराळी हें आपण पाहिलेंच. नीलगिरीचें तेल, लवंगेचें तेल, टी-ट्रीचें तेल, कापूर, टर्पेंटाइन हीं सर्व त्यास विषवत् आहेत. कडुलिंबाचें निव्वळ तेल चोपडणेंही टाळावें. पिसवा जाव्यात म्हणून लसूण खाऊं घालण्याची कोणी शिफारस करील. लसणीनें व कांद्यानें मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. तंबाखूचें पाणी, रॉकेल, फिनेल व न्हाणीघरांतील जंतुनाशकें यांविषयीं तर बोलावयासच नको. पिसवा त्यांनीं मरतीलही. पण पिसवा मेल्या व मांजरही मेलें, तर उपाय झाला असें कोण म्हणेल?

तथापि घरगुती उपायांपेक्षांही मोठा धोका दुकानांतील पुडक्यांत आहे. शेवंतीच्या जातीच्या एका फुलापासून कीटकनाशक पूड काढतात; तिच्या धर्तीवर रसायनशाळेंत बनविलेलें द्रव्य म्हणजे पर्मेथ्रिन. कुत्र्यांच्या पाठीवर टाकावयाच्या कांहीं थेंब-औषधांत तें शेंकडा चाळीस-पन्नास व त्याहूनही अधिक असतें. कुत्रा तें सहज सोसतो. मांजराचे मज्जातंतु मात्र त्यानें पेटल्यासारखे होतात: कान व कातडी फडफडूं लागते, पाय थरथरतात, लाळ गळते, पुढें झटके येतात, आणि वेळींच उपचार न झाल्यास मृत्यु ओढवतो.

आमच्याच आळींतील एका सुशिक्षित घरीं असा प्रसंग घडला. घरांत एक कुत्रा व एक मांजर. कुत्र्याकरितां आणलेल्या नळींतील अर्धें औषध मांजरास लाविलें. मांजर आकारानें अर्धेंही नाहीं, म्हणून अर्धें पुरे, असा हिशेब. त्रैराशिक बरोबर होतें, पण प्राणी निराळा होता. संध्याकाळीं मांजराचे कान फडफडूं लागले, रात्रीं झटके आले. कोणी म्हणालें फेफरें आहे, कोणी तूप पाजण्यास निघालें. ज्या सूनबाई गेले आठ दिवस 'हें मांजर घालवा' म्हणत होत्या त्यांनींच पुडक्यावरील बारीक अक्षरें वाचलीं, मांजरास कोमट पाण्यांत भांडीं घासण्याच्या सौम्य साबणानें धुतलें, टॉवेलांत गुंडाळलें, आणि रिक्षा करून रात्रींच पशुवैद्याकडे नेलें. तीन दिवसांनीं तें पुन्हां उभें राहिलें. असा प्रसंग आल्यास हाच मार्ग: कोमट पाणी, साबण, कोरडें व उबदार वस्त्र, आणि विनाविलंब पशुवैद्य. दूध, तूप, लिंबू यांपैकीं कांहीं पाजूं नये. झटके येणाऱ्या प्राण्याच्या घशांत ओतलेलें फुप्फुसांत जातें.

कुत्र्यांच्या गोचिडांवर पाण्यांत मिसळून लावण्याचें अमित्राझ नांवाचें औषधही आपल्याकडे बरेंच वापरलें जातें. मांजरास तेंही वर्ज्य. आणि ज्या घरीं दोन्ही प्राणी आहेत तेथें कुत्र्यास पर्मेथ्रिनचे थेंब लावले असतील तर ते पुरते जिरेपर्यंत दोघांस वेगळें ठेवावें. मांजरें कुत्र्याच्या कुशींत निजतात व त्याचेंही अंग चाटतात.

पिसू आणि प्लेग

पिसू म्हटली कीं घरांतील वडील माणसांच्या तोंडीं प्लेगचें नांव येतें. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला. १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें कराचीस प्रयोग करून उंदरांचा प्लेग पिसवांमार्फत पसरतो असें दाखविलें. आणि १९०५ पासून मुंबईस परळच्या ज्या प्रयोगशाळेंत पुढील प्रयोग झाले तिला १९२५ पासून हाफकिन यांचें नांव आहे. हें सर्व खरें. परंतु ती पिसू उंदराची. मांजराच्या अंगावरची जात निराळी, आणि प्लेग पसरविण्यांत ती फार कमी समर्थ. इतकेंच नव्हे, तर १९०८ च्या सुमारास अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनीं, ज्या गांवांत घरोघर मांजरें तेथें प्लेग कमी, असें निरीक्षण मांडून प्लेगच्या प्रतिकारार्थ मांजरें पाळण्याचा पुरस्कार केला. मांजरासही क्वचित् प्लेग होतो हें पुढें कळलें, तेव्हां तो उपाय निर्दोष नव्हता. तरी अंगावर दोन पिसवा दिसल्या म्हणून मांजर हांकलणें म्हणजे पहारेकऱ्यास काढून चोरांस दार उघडण्यासारखेंच आहे.

मात्र मांजराची पिसू अगदींच निरुपद्रवी असेंही समजूं नये. लहान पिल्लांच्या अंगावर त्या फार झाल्या तर रक्त शोषलें जाऊन पिल्लें पांढरीं फटक पडतात व दगावतात. पिसू गिळली गेल्यास पोटांत एक जातीचा चपटा जंत होतो. त्याचे तुकडे मांजराच्या शेपटीखालीं तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात, आणि रांगतें मूल पिसू गिळील तर त्यासही तो होऊं शकतो.

पिसू आहे कीं नाहीं याची परीक्षा सोपी. उवा-लिखांची बारीक फणी मांजराच्या मानेवर व शेपटीच्या मुळाशीं फिरवावी आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवावे. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलें रक्त. नुसती धूळ असेल तर डाग पडत नाहीं. इतकी खात्री झाल्यावरच औषधाकडे वळावें.

ग्राह्य काय

पूड, फवारा, स्नान, पट्टा, गोळी आणि थेंब असे औषधाचे सहा प्रकार बाजारांत मिळतात. पुडीचा दोष उघड आहे: ती केंसांवरच राहते आणि जिभेवाटे पोटांत जाते. फवाऱ्याचा 'फिस्स' आवाज मांजरास दुसरें मांजर अंगावर आल्यासारखा वाटतो. तेंच औषध हातमोजा घालून हातावर घेऊन चोळलें तर चालतें, पण तें भरपूर लागतें व ओलें असतां चाटलें जातें. स्नानानें अंगावरच्या पिसवा वाहून जातात, परंतु दुसऱ्या दिवशीं जमिनींतील नव्या चढतात, आणि मांजराचा मात्र घरावरील विश्वास उडतो. पट्टा घालणें झालेंच तर मांजरांसाठींच केलेला व ओढ बसतांच आपोआप सुटणारा असावा; साधा पट्टा झाडाच्या फांदींत अडकून फांस बसतो. गोळी चांगली, पण ती पोटांत जाईल तेव्हां.

राहिले थेंब. मांजराच्या दोन्ही प्रकारच्या सोसण्यास सामान्यतः हेच सर्वांत मानवतात. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड व सेलामेक्टिन हीं यांतील मुख्य द्रव्यें. फिप्रोनिल पिसवा व गोचीड दोन्हींवर चालतें. मांजराच्या नळींत तें साधारण अर्धा मिलिलिटर असतें. इमिडाक्लोप्रिड एकटें असेल तर पिसवा मारतें, गोचिडांवर त्याचा इलाज चालत नाहीं. सेलामेक्टिन पिसवांबरोबर कानांतील किडे व कांहीं जंत यांसही आवरतें. आपल्या मांजरास काय झालें आहे तें पाहून पशुवैद्यास विचारून निवड करावी. पुडक्यावर तीन गोष्टी वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत: 'मांजरांसाठीं' हा स्पष्ट शब्द, मांजराच्या वजनाची मर्यादा, आणि किती वयापासून. बहुतेक थेंब-औषधें आठ आठवड्यांखालील पिल्लांस चालत नाहींत; त्यांस फणी व साबणपाण्याची वाटी हाच उपाय. आजारी, म्हातारें अगर गाभण मांजर असेल तर प्रथम पशुवैद्यासच विचारावें. घरांत ससा असल्यास त्यास फिप्रोनिल मुळींच लावूं नये.

लावण्याची रीत

मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी हा प्रश्न येथें अक्षरशः उभा राहतो. पाठलाग करून पकडलेलें मांजर दुसऱ्या वेळीं औषधाची नळी पाहतांच माळ्यावर जाईल. म्हणून वेळ निवडावी ती पोट भरून तें झोंपेला आलें असतांची. नळी आधीं मुठींत धरून थोडी ऊब द्यावी, आणि ती मांजरापासून दूर उघडावी. ज्या माणसाच्या मांडीवर तें रोज बसतें त्यानेंच त्यास धरावें, दुसऱ्यानें मागच्या बाजूनें लावावें. मुलांची गर्दी नसावी. मांजर फार बुजरें असेल तर जाड पंचांत गळ्यापर्यंत गुंडाळावें.

जागा एकच: मानेवर, कवटीच्या अगदीं खालीं, जेथें त्याची जीभ पोहोंचत नाहीं. केंसांचा भांग पाडून कातडी दिसूं द्यावी आणि नळीचें तोंड कातडीस टेकवून औषध सोडावें. पाठभर शिंपडणें म्हणजे तें जिभेच्या हवालीं करणें. फिप्रोनिलचा थेंब चाटला गेला तर त्याच्या कडवटपणानें मांजराच्या तोंडास फेस येतो. हा थोड्या वेळांत जातो, परंतु न थांबल्यास वैद्याकडे जावें. एकाहून अधिक मांजरें असल्यास औषध वाळेपर्यंत त्यांस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावें, कारण तीं परस्परांच्या माना चाटतात. लावण्याच्या आधीं व नंतर दोन दिवस अंग धुऊं नये. शेवटीं त्यास आवडता घांस द्यावा. पुढील महिन्याचें अर्धें काम त्या घांसानें होतें.

गोचिडाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. मांजर तें बहुधा स्वतःच चाटून काढतें, म्हणून जेथें जीभ पोहोंचत नाहीं अशा कानांमागें, मानेखालीं व हनुवटीवर पाहावें. बारीक चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावें आणि स्पिरिटांत टाकावें. तेल वा रॉकेल ओतणें, उदबत्तीचा चटका देणें हे प्रकार करूं नयेत. नखानें चिरडूंही नये.

घराचें औषध

एवढें करूनही पिसवा गेल्या नाहींत अशी तक्रार येते, आणि दोष औषधास दिला जातो. वस्तुतः मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे सैन्याची केवळ आघाडी; बाकीचें सैन्य जमिनींत असतें. एक मादी दिवसाकांठीं चाळीस-पन्नासपर्यंत अंडीं घालते. तीं गुळगुळीत असल्यानें खालीं गळतात. त्यांतून निघालेल्या अळ्या फटींत, गोणपाटांत, गादीच्या शिवणींत वाढतात, आणि पुढें कोशांत शिरून आठवडे, प्रसंगीं महिने, पायांच्या चाहुलीची व अंगाच्या उबेची वाट पाहतात. सुटी संपवून बंद घर उघडावें आणि पिसवांनीं तुटून पडावें, याचें कारण हें. कोंकणपट्टीची ऊब व दमट हवा या अळ्यांस फारच मानवते. कोरड्या हवेंत त्या टिकत नाहींत.

म्हणून मांजरास औषध लाविल्याच दिवशीं त्याचें अंथरूण कडक गरम पाण्यांत धुवावें. पावसाळ्यांत ऊन मिळत नाहीं, तेव्हां वाळल्यावर इस्त्री फिरवावी. कपाटांखालील, जिन्याखालील व पलंगाखालील केर रोज काढून घराबाहेर टाकावा, फटी बुजवाव्या, जुनीं पोतीं टाकून द्यावीं. घरांतील प्रत्येक प्राण्यास ज्याचें त्याचें औषध एकाच वेळीं, आणि निदान तीन महिने दर महिन्यास द्यावें. कोशांतील शेवटची तुकडी बाहेर पडून मरेपर्यंत लढाई संपत नाहीं. एक महिना करून सोडणें हें न करण्यासारखेंच.

एकत्र कुटुंबांत अशा कामास वाली कोण हा नेहमींचा प्रश्न असतो. मांजर सर्वांचें, म्हणजे औषधाच्या वेळीं कोणाचेंच नाहीं. तरी एका व्यक्तीनें हें काम आपल्याकडे घ्यावें, लावल्याची तिथि दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि मांजराचें व कुत्र्याचें औषध निरनिराळ्या डब्यांत, नांवें घालून, मुलांच्या हातीं न लागेल असें ठेवावें. बोलतां न येणाऱ्या प्राण्यास औषध कडू लागलें कीं तें पळून दाखवितें. पण तें विषारी आहे हें त्यास आधीं कळत नाहीं व सांगतां येत नाहीं. पुडक्यावरचीं अक्षरें त्याच्यासाठीं आपणच वाचावयाचीं असतात. ज्याच्या घरांत वाचतां येणारीं दहा माणसें आहेत त्याच्या मांजरानें न वाचलेल्या पुडक्यापायीं मरूं नये.